हळू आवाजातला महिना

आधीच सांगून ठेवतो, मी संगीतातला जाणकार वगैरे नाही. लहानपणी आईने पेटीच्या क्लासला घातलं होतं, तिथून चौथ्या महिन्यात पळून आलो. एवढंच आपलं संगीतशिक्षण. त्यामुळे खाली लिहिलेली मतं एका साध्या ऐकणाऱ्याची आहेत. पटली तर ठीक, नाही पटली तर मेसमध्ये भेटा, भांडू.

तर झालं असं की फेब्रुवारीत गॅदरिंग झालं. शेवटच्या रात्री डीजे होता आणि 'झिंगाट' लागलं. 'झिंगाट' लागल्यावर माणूस जे करतो ते मीही केलं, फक्त स्पीकरच्या भिंतीपासून दोन हातांवर उभं राहून केलं. रूमवर आलो तेव्हा उजव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. वाटलं, झोपलो की जाईल. सकाळी उठलो तर शिट्टी माझ्याआधी उठून बसलेली! त्यात सबमिशन तोंडावर, म्हणजे रात्र रात्र जर्नल उतरवायचं आणि त्याच कानांत इअरफोन कोंबायचे. आठव्या दिवशी गपगुमान दवाखान्यात गेलो. ईएनटीसीचा विद्यार्थी ईएनटीकडे गेला, हा विनोद आमच्या विंगमधल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे शोधून काढलेला आहे, तेव्हा तुम्ही आता करू नका.

डॉक्टरांनी मला एका बंद खोक्यात बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि बीप ऐकू आली की बटण दाबायला सांगितलं. नंतर हातात एक आलेख दिला. आडवी फ्रिक्वेन्सी, उभे डेसिबल. तीन वर्षं लॅबमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढले (खरं म्हणजे सिनिअरच्या जर्नलमधून उतरवले), पण स्वतःचा रिस्पॉन्स आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. डाव्या कानाची रेघ जवळजवळ सरळ. उजव्या कानाची ४००० हर्ट्झपाशी येऊन खड्ड्यात गेलेली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजाने मार बसला की बहुधा इथेच खड्डा पडतो. "महिनाभर इअरफोन बंद, मोठा आवाज बंद. महिन्याने परत तपासू." मी विचारलं, भरून निघेल ना? ते म्हणाले, "बघू."

हे 'बघू' खिशात घालून मी हॉस्टेलवर आलो आणि पहिल्यांदा अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी वाचलं. आतल्या कानात, शंखासारख्या वळणदार नळीत, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि त्या हलण्याचा विजेचा संदेश होऊन मेंदूकडे जातो. शंखाच्या तोंडाशी उंच फ्रिक्वेन्सीच्या पेशी, आत खोलवर खर्जाच्या. या पेशी दमल्या तर काही वेळाने सावरतात. मेल्या तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. केस गेले की टक्कल, तसंच, फक्त टोपी घालून झाकता येत नाही.

आणि हिशेब फार क्रूर आहे हो. कारखान्यांतल्या कामगारांसाठी वापरला जाणारा एक प्रचलित नियम असा: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. डीजेसमोर ११० असेल असं धरलं, तर दीड मिनिट. दीड मिनिटात तर आमचं 'झिंगाट' नीट सुरूसुद्धा झालं नव्हतं! उलट बाजूने पाहिलं तर मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे वेळ चौपट मिळतो. दहा पावलं मागे सरकलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

असो. इअरफोन बंद म्हणजे गाणी बंद, असं काही आपल्याला झेपणारं नव्हतं. पास आऊट झालेल्या एका सिनिअरने जाताना कॉम्प्युटरचे दोन जुने स्पीकर दोनशे रुपयांना गळ्यात मारले होते. जॅक ढिला, वायर एका विशिष्ट कोनात वाकवली तरच दोन्ही वाजतात. ते काढले, पुसले, टेबलावर मांडले. नियम असा केला की रोज जेवण झाल्यावर एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं गाणं न वगळता. दहानंतर रेक्टर सरांची फेरी असते, त्यामुळे आवाज इतका हळू की पंख्याची कुरकुरही ऐकू यावी. आणि स्पीकरवर लावलं की ते गाणं आपल्या एकट्याचं राहत नाही. रूम पार्टनर ऐकतो, दारातून जाणारा थांबतो, कुणीतरी चहा घेऊन येऊन बसतो. महिनाभरात आमची रूम म्हणजे छोटं आकाशवाणी केंद्रच झालं.

पहिल्या दिवशी मुद्दाम 'सैराट'च लावला. सूड म्हणा हवं तर. २०१६ सालच्या या अल्बममध्ये चारच गाणी. अजय-अतुल यांनी त्यातला पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये, सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन रेकॉर्ड केला, हे तेव्हा सगळ्यांनी वाचलं होतं. वाचलं होतं, पण ऐकलं कुणी? मी तर 'सैराट' म्हटलं की ढोल आणि छातीत बसणारा खर्ज एवढंच ओळखत होतो. हळू आवाजात 'झिंगाट' लावलं तर दोन गल्ल्या पलीकडून वरात चालल्यासारखं वाटलं. पाय हलतात, पण गंमत गेली. आणि 'यड लागलं'? मागे व्हायोलिनचा सगळा ताफा कसा हळूहळू फुगत येतो आणि गायकाला वाट देऊन मागे सरतो, हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. 'आताच बया का बावरलं'मध्ये श्रेया घोषाल हसल्यासारखी करून सूर सोडते ना, ते तर फक्त हळू आवाजातच कळतं. माझं स्पष्ट मत: या अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं हे त्यातलं सगळ्यात साधं गाणं आहे. विंगमध्ये यावरून दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

पण 'झिंगाट' हळू आवाजात बसतं, यात दोष पूर्ण त्याचा नाही. याचं कारण सिग्नल्सच्या सरांनी कॅन्टीनमध्ये कागदावर काढून दाखवलं. १९३३ मध्ये बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून मोजलं की कान सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच जोरात ऐकत नाही. खर्ज ऐकण्यात कान मुळात मठ्ठ. आणि एकूण आवाज जितका हळू, तितका तो खर्जाबाबत जास्त मठ्ठ होतो. आवाज वाढवला की खर्ज भराभर वर येतो आणि गाणं भरल्यासारखं वाटतं. म्हणून आपण दुकानात स्पीकर घेताना जो मोठ्याने वाजतो तोच चांगला म्हणून घरी आणतो. जुन्या डेकवर 'लाऊडनेस'चं बटण असायचं, ते याच्यासाठीच. हळू ऐकताना खर्ज थोडा वाढवून द्यायचा. आमच्या स्पीकरला असलं बटण नव्हतं, पण भिंतीच्या कोपऱ्यात सरकवल्यावर खर्ज जरा सुधारला. भिंती तो परत पाठवतात. करून बघा, फुकट आहे.

पहिल्या आठवड्यातच शेजारचा मेकॅनिकलवाला त्याचा मेटॅलिका घेऊन आला. 'डेथ मॅग्नेटिक', २००८. गाण्यांबद्दल मी बोलत नाही, तो माझ्यापेक्षा दीड फूट रुंद आहे. पण एक गोष्ट दोघांनाही जाणवली. आवाज इतका कमी केला तरी गाणं अंगावर येतच राहिलं आणि चौथ्या गाण्यानंतर डोकं जड झालं. हा अल्बम या बाबतीत जगप्रसिद्ध आहे. डिजिटल आवाजाला छत असतं, त्याच्यावर जाता येत नाही. मग गाणं मोठं वाटावं म्हणून काय करतात, तर हळू भाग उचलून वर आणतात आणि जोराचे भाग छताला दाबतात. लाटांची डोकी सपाट होतात आणि फरफर ऐकू येते. आपण ऑसिलोस्कोपवर क्लिपिंग बघतो तेच. हीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबून आली होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली आणि अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मला तर ही गोष्ट अल्बमपेक्षा जास्त आवडली. मेकॅनिकलवाला म्हणतो, मेटल हे सपाट डोक्याचंच असतं. आता यावर काय बोलणार?

एका रात्री साडेदहाला दारावर टकटक. आम्हाला वाटलं रेक्टर. तर वॉचमन मामा. म्हणाले, रोज खालून पुसट ऐकू येतं, एकदा प्रल्हाद शिंदे लावा की. मग विठ्ठलाची दोन-तीन गाणी लावली. मामा उंबऱ्यावर बसले, काठी मांडीवर. आणि खरं सांगतो, महिनाभरात आमच्या त्या फुटक्या स्पीकरवर सगळ्यात कमी बिघडलेला आवाज तोच होता. प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले. त्यांचा आवाज जत्रांच्या कर्ण्यांतून आणि एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांतून महाराष्ट्राने ऐकला. कर्ण्याला खर्ज नसतो, नाजूक झंकारही नसतो, असतो तो फक्त मधला पट्टा. माणसाचं बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये नीट समजतं, टेलिफोनने वर्षानुवर्षं तेवढ्यावरच संसार केला. शिंद्यांच्या आवाजाचा सगळा जोर याच पट्ट्यात, शब्दन् शब्द ठोकून बसवलेला. तुम्ही डब्यात मोबाइल ठेवून वाजवा नाहीतर पन्नास हजारांच्या सिस्टिमवर, विठ्ठल तिथेच. आम्ही इअरफोनवाले या गाण्यांना 'गावठी' म्हणायचो. मी तरी आता म्हणत नाही. मामा नंतर दर दोन दिवसांनी यायला लागले.

'गारवा' मार्चच्या उकाड्यात ऐकण्याची चूक केली. मिलिंद इंगळेंची गाणी छानच, पण सलग ऐकताना मला त्यातल्या दोन-तीन चाली एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटल्या. सौमित्रचं गाण्याआधीचं बोलणं मात्र गाण्यापेक्षा जास्त भिजवतं. अरुण दातेंचा 'शुक्रतारा' एकाच्या वडिलांच्या आग्रहावरून लावला. १९६० च्या दशकातलं गाणं, पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, सोबत सुधा मल्होत्रा. दाते शिक्षणाने टेक्स्टाइलचे इंजिनिअर होते, हे कळल्यावर विंगमध्ये एकदम आपुलकी निर्माण झाली. त्यांचा आवाज कधी वर चढतच नाही. जणू समोरच्याला उठवायचं नाहीये. हळू आवाजासाठीच जन्मलेलं गाणं.

सिग्नल्सच्या सरांनी माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' सुचवला. जॅझ म्हटल्यावर निम्मी विंग उठून गेली. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये, दोनच दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये झालेला अल्बम. सरांनी त्यातली अशी गंमत सांगितली की पहिल्या दिवशी टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू फिरलेल्या टेपवर उतरलेलं संगीत बरोबर वेगाने वाजवलं की ते जलद आणि वरच्या सुरात येतं. त्यामुळे रेकॉर्डची पूर्ण पहिली बाजू जराशी चढलेली. वादक रेकॉर्डबरोबर वाजवायला बसले की त्यांचं वाद्य जुळायचं नाही. ही चूक पुढच्या आवृत्त्यांमध्ये १९९० च्या दशकात दुरुस्त झाली. तीसेक वर्षं अख्खं जग चुकीच्या सुराला 'मास्टरपीस' म्हणत होतं, आणि ते चूकही नव्हतं! इथे आमच्या स्पीकरने घात केला. सुरुवातीलाच जो डबल बेस बोलतो, तो जवळजवळ गायबच. शिवाय या रेकॉर्डिंगमध्ये एका बाजूला कोल्ट्रेन आणि दुसऱ्या बाजूला कॅननबॉल अ‍ॅडर्ली. ढिला जॅक हलला की एक सॅक्सोफोनवाला रूम सोडून निघून जायचा. तेव्हा हळू आवाजात टिकेल तेच चांगलं, असा नियम मी मनात करत आणला होता, तो इथे मोडला. हा अल्बम मला नीट ऐकायचाय. चांगल्या स्पीकरवर, कधीतरी.

आणि केसरबाई. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर पाठवली गेली. व्हॉयेजर १ त्या वर्षी ५ सप्टेंबरला उडालं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ते यान आता २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. एवढं सगळं माहीत असल्यामुळे मी फार अपेक्षेने लावलं आणि आधी फक्त खरखर ऐकू आली. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायचं साधारण तेवढंच, तीन-साडेतीन मिनिटं. तासन् तास गाणाऱ्या बाईला सांगायचं की एवढ्यात आटपा. पण एकही तान घाईत नाही. मग लक्षात आलं की गाणं चालू असताना माझ्या कानातली शिट्टी ऐकूच येत नाहीये. गाणं संपलं आणि ती परत आली. मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला झाकतो, याला मास्किंग म्हणतात. एमपी३ नेमकं यावरच चालतं. जे कानाला झाकलेलं राहणार ते फेकून द्यायचं आणि फाइल लहान करायची. परीक्षेत यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती मी. त्या रात्री केसरबाई साताठ वेळा लावल्या. रूम पार्टनरने विचारलं, एवढी आवडली? मी हो म्हणालो.

शेवटच्या आठवड्यात 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकला. १९६७ सालचा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. शिवजी आणि हरिजी तेव्हा तिशीच्या आतबाहेर, म्हणजे आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठे. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांतून सांगितलाय. सकाळी अहिर भैरव, मग पुढे पिलू, भूप, देस, शेवटी पहाडी. शब्द नाहीत. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवर सळई सरकवत काब्रा मींड घेतात ती ऐकून आमचा गिटारवाला मित्र अर्धा तास गप्प होता. हा अर्धा तास विंगमध्ये अजून लक्षात आहे. संतूरची अडचण उलटी. तार ठोकली की सूर जन्मतो आणि लगेच विरायला लागतो. तो ओढून धरता येत नाही. मग शिवकुमार काड्या तारांवरून हलकेच घसरवत, सूर तुटू न देता पुढे नेतात. शंभराच्या आसपास तारा, त्यामुळे एक ठोकली की बाकीच्या आपोआप कुजबुजतात.

ही कुजबुज मला ऐकू येईना. संतूर ऐकू येत होतं, पण कोरडं, लाकडावर लाकूड मारल्यासारखं. पार्टनर म्हणत होता, काय चमकतंय यार. मला वाटलं, स्पीकर. जॅक हलवला, वायर वाकवली, काही फरक नाही. मग सहज पाणी प्यायला वळलो, डावा कान स्पीकरकडे झाला आणि एकदम सगळी चमक आली. परत वळलो, गेली. चार-पाच वेळा तसं करून पाहिलं. पार्टनर बघत होता, पण काही बोलला नाही. संतूरची चमक, घुंगरू, झांज, बोलण्यातले 'स' आणि 'श', यांचा बराचसा भाग त्याच ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्यावर असतो. आलेखावर तो खड्डा बोटाएवढा होता. तो नेमका कशाचा होता, ते त्या रात्री कळलं. शिवकुमार शर्मा २०२२ मध्ये गेले. आमच्या शहरात त्यांचा कार्यक्रम झाला होता तेव्हा मी क्रिकेट मॅच बघत बसलो होतो, हेही त्याच रात्री आठवलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा त्या खोक्यात बसलो, पुन्हा बीप, पुन्हा बटण. खड्डा साधारण निम्मा भरलाय. डॉक्टर म्हणाले, उरलेला बहुधा राहील. इअरफोन लावायला हरकत नाही, निम्म्या आवाजात, तासाभराच्या वर नाही. शिट्टी अजून आहे, पण दिवसा तिचा पत्ता लागत नाही. फक्त लाइट गेली आणि पंखा थांबला की भेटते. गॅदरिंगच्या पुढच्या सेक्रेटरीला भेटून आलो. स्पीकरपुढे दहा पावलांवर दोरी बांधू म्हणालाय. बघू.

संध्याकाळी रूमवर आलो तर टेबल सरकवलेलं. दोन्ही स्पीकर माझ्या कॉटच्या डाव्या बाजूला. जॅकला चिकटपट्टी. मी पार्टनरला विचारलं, हे कधी केलंस? तो म्हणाला, इथे प्लग पॉइंट जवळ पडतो. प्लग पॉइंट दुसऱ्या भिंतीवर आहे. मी काही बोललो नाही, पहाडी लावला. थोड्या वेळाने मामा आले, उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, हे संपलं की आपलं ते लावा.